गळ्यातली लाल फीत

मार्च उतरणीला लागला की कुवेतच्या आकाशावर विश्वास ठेवता येत नाही. सकाळी ते धुतल्यासारखे निळे असते. दुपारी त्याची वायव्येकडची कड मळते आणि तासाभरात समोरच्या इमारतीवरच्या डिश अँटेना एकेक करून पुसल्या जातात. इथली जुनी माणसे या दिवसांना ‘सरायात’ म्हणतात. वसंतातली ही वादळे येताना सांगत नाहीत आणि जाताना गाड्यांवर चिखलाचे ठिपके ठेवून जातात. हवल्लीतल्या आमच्या घरात या दिवसांत खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावलेले असतात. तरीही धूळ आत येतेच. ती पुस्तकांच्या वरच्या कडेवर बसते, दातांखाली येते, आणि मला एका शुक्रवारची आठवण करून देते.

काल संध्याकाळी असेच आकाश फिरले, आणि मला एकाएकी वाटले की दुपारी बंद केलेल्या राफ्टमध्ये, बोटीवरच्या जीवरक्षक तराफ्यात, चाकू बांधलेला मी पाहिलेला नाही. मी लगेच आमच्या वर्कशॉपमधल्या, तराफ्यांच्या घड्या घालणाऱ्या केरळी पॅकरला फोन लावला. तो जेवत होता.

“मॅडम, चाकू है. मैंने खुद बाँधा. फोटो भेजूँ?”

“भेजो,” मी म्हणाले.

फोटो आला. नारिंगी कापडाच्या खिशात, दोरीने बांधलेला, बोथट टोकाचा चाकू. मी आभार मानले आणि नेहमीप्रमाणे ओशाळले. जेवणाऱ्या माणसाला उठवण्याचा माझा स्वभाव नाही. दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी ती निमूटपणे घरी आणणाऱ्यांपैकी मी आहे. हा फोन करायला मी कशी शिकले, ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात आहे. लिहिण्याचा सराव नाही. तो उशिरा सुरू करते आहे, जसे बाकीचे सगळेच मी उशिरा सुरू केले.

पुण्यात इतिहास घेऊन एम. ए. केले आणि लग्न करून इथे आले. पती बँकेत संगणकाचे काम पाहतात. मुलगी मोठी होईपर्यंत मी घरात होते. शेहेचाळिसाव्या वर्षी, ओळखीच्या कुणाच्या शब्दावर, अर्दियाच्या गोदामांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये मला कागदपत्रांचे काम मिळाले. तिथे बोटींवरचे लाइफराफ्ट तपासून पुन्हा बांधले जातात. बोटीच्या कडेला पांढरे फायबरचे पिंप आडवे ठेवलेले असते. त्याच्या पोटात घडी घातलेला रबरी तराफा आणि वायूचा सिलिंडर असतो. बोट बुडू लागली की पिंप पाण्यात टाकायचे, दोरी ओढायची, आणि दोरीच्या शेवटच्या हिसक्याला सिलिंडरचे तोंड उघडून तराफा फुगून उभा राहतो. दरवर्षी तो उघडून, फुगवून, तपासून, शंखजिऱ्याची पूड लावून परत घडी घालायचा असतो. माझ्याकडे तक्ता होता. प्रत्येक पायरीसमोर ‘पाहिले’ असा रकाना, आणि त्यात माझी सही.

घडी घालणारे हमीदचाचा होते. रत्नागिरीचे, साठी ओलांडलेले, कुवेतमध्ये अर्धे आयुष्य काढलेले. ते अब्बासियात पुतण्यांबरोबर राहत. सारे वर्कशॉप त्यांना चाचा म्हणे. ते मला ‘बाय’ म्हणत आणि चिडवायचे असले की ‘मास्तरीणबाय’. त्यांच्या हातांना पुडीचा पांढरा वास असे. घडी घालताना ते कुणाशी बोलत नसत. गुडघ्याने हवा दाबून काढत, तळहाताने सुरकुती शोधत, आणि प्रत्येक राफ्टमध्ये सगळ्यात आधी चाकू बांधत.

त्याचे कारण त्यांनी एकदा सांगितले होते. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या आगबोटीवर खलाशी होते. बोट बुडाली, जीवरक्षक होडी पाण्यात उतरली, पण होडीची दोरी बुडत्या बोटीला अडकून राहिली. “सगळे होडीत बसलेले, नि होडी बोटीबरोबर खाली चाललेली,” चाचा म्हणाले. “कुणाकडे चाकू नाय. शेवटी भंडाऱ्याच्या, म्हंजे बोटीवरच्या आचाऱ्याच्या, कमरेला कांदा कापायची सुरी होती. कांद्याच्या सुरीवर आमचं खानदान उभं आहे, बाय.”

दुसरी त्यांची चाल फितीची होती. काम चालू असताना सिलिंडर चुकून उघडू नये म्हणून त्याच्या डोक्यात एक पिन अडकवलेली असते. पिनेला हातभर लाल फीत असते. पिंप बंद करण्याआधी ती पिन काढलीच पाहिजे. ती आत राहिली तर दोरी कितीही ओढा, सिलिंडर मुका राहतो. चाचा पिन काढली की फीत स्वतःच्या गळ्यात घालत, आणि राफ्ट दाराबाहेर जाईपर्यंत ती गळ्यातच ठेवत. मग ती भिंतीवरच्या हुकावर टांगत. सगळे पॅकर त्यांचे पाहून तसेच करू लागले होते. माझ्या तक्त्यात ‘पिन बाहेर’ असा रकाना होता. मी पॅकरच्या गळ्याकडे पाही आणि सही करी.

त्या वर्षी मालकांनी मला जास्तीचे एक काम दिले. नव्या माणसांच्या प्रशिक्षणासाठी पुस्तिका करायची होती, आणि आरंभी चार पाने या साधनांचा इतिहास हवा होता. मी आनंदाने वाचायला बसले, आणि दिवसेंदिवस भीत गेले.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी कितीतरी इंग्रज वैमानिक जळत्या विमानातून सुखरूप उडी मारत, हवाई छत्रीने सुखरूप समुद्रात उतरत, आणि मग थंडीने मरत. कारण ते तिथे आहेत हे कुणाला कळतच नसे. पुढे त्यांच्या शोधासाठी वेगवान लाकडी लाँचा आल्या, पाण्यावर उतरणारी विमाने आली. पाठीला किंवा बुडाखाली बांधायची एका माणसापुरती रबरी होडी आली. पाणी हिरवेगार करणारा रंग आला, म्हणजे लाटांतले ठिपक्याएवढे डोके वरून दिसावे. गुडघ्यांत धरून हाताने फिरवायचा बिनतारी यंत्राचा पिवळा डबा आला. त्याची तार आकाशात चढवायला सोबत पतंग दिलेला असे. शत्रूपक्षाने तर अरुंद समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या खोल्या ठेवल्या होत्या. आत बिछाने, कोरडे कपडे, खाणे. पोहत पोहत पोचेल त्याने दार उघडावे आणि झोपावे. भर समुद्रात कुणाची तरी वाट पाहणारा तो रिकामा, कोरडा बिछाना माझ्या डोळ्यांपुढून जात नसे.

जेवणाच्या सुट्टीत मी हे चाचांना वाचून दाखवी.

“पतंग?” ते म्हणाले. “माणूस बुडतोय, नि पतंग उडवायचा?”

“तारेसाठी, चाचा. आणि पुढे तर विमानातून छत्र्यांनी अख्खी होडी खाली सोडायचे. शीड, इंजिन सगळे आत. शीड कसे लावायचे त्याची पुस्तिकासुद्धा.”

“वैमानिकाला?”

“हो.”

चाचा बराच वेळ हसले. “पुस्तक वाचून होडी चालते होय गो? मग तुझी पुस्तिका वाचून राफ्टपण घडी होईल. मी चाललो रत्नागिरीला.”

मी हसले, पण त्या दिवसापासून एक विचार मागे लागला. या सगळ्या इतिहासात पाण्यातला माणूस होता, त्याला शोधणारा होता, यंत्र बनवणारा होता. पण ज्या कुणी ती होडी घडी घालून पिशवीत भरली, आणि ज्या कुणी तक्त्यावर सही केली, ते कुठेच नव्हते. त्यांची आठवण फक्त एकाच प्रसंगी निघत असणार. आणि तेव्हा आठवण काढणाऱ्याच्या तोंडात पाणी शिरत असणार.

तो गुरुवार रमजानातला होता. वर्कशॉप दोनला बंद होई. बाहेर वारा धरून ठेवल्यासारखा स्तब्ध होता आणि उजेड पिवळा होता. चाचांचे ओठ उपवासाने कोरडे पडले होते. अकराच्या सुमारास त्यांनी एका टगबोटीचा राफ्ट बंद केला. पिनेची फीत गळ्यात घातली. त्या बोटीची गाडी यायला उशीर झाला, म्हणून फीत गळ्यातच राहिली. तशातच त्यांनी दुसरा राफ्ट घेतला. तो एका लहानशा सर्वेक्षण बोटीचा होता, सहा माणसांचा. दीडच्या सुमारास तोही बंद झाला. मी तक्ता घेऊन गेले. वर पाहिले. चाचांच्या गळ्यात लाल फीत होती. मी सही केली.

दोन्ही गाड्या पाठोपाठ आल्या, दोन्ही पिंपे गेली. चाचांनी फीत काढली आणि हुकावर टांगली. मी दिवे बंद केले. शेजारचा हुक रिकामा होता. तो मी पाहिला असला पाहिजे, कारण तो अजूनही मला दिसतो.

संध्याकाळी मुलीने शाळेच्या ओळखपत्राची पट्टी सोफ्यावर टाकली होती. ती उचलून मी दाराजवळच्या हुकावर टांगली. शेजारच्या हुकावर पतींच्या बँकेची पट्टी होती. दोन माणसे, दोन हुक, दोन पट्ट्या. माझा हात तिथेच थांबला.

दोन राफ्ट. दोन पिना. दुसरी फीत मला काही केल्या आठवेना.

“काय झाले?” पतींनी विचारले. मी सांगितले.

“तुला खात्री आहे?”

“नाही.”

“मग त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास? तीस वर्षे काम केलंय त्यांनी. खिशात ठेवली असेल दुसरी.”

मुलीने फोनमधून डोके वर काढले नाही. “जस्ट कॉल हिम, आई. व्हॉट्स द बिग डील?”

त्याच वेळी मशिदीतून बांग झाली. चाचा आता खजूर तोंडात घालत असतील, दिवसभराचे पहिले पाणी पीत असतील, असे मला वाटले. थोड्या वेळाने करू, असे ठरवले. मग त्यांची नमाजाची वेळ असेल असे वाटले. मग वाटले, मी कोण? काल आलेली कागद सांभाळणारी बाई. ज्या हातांनी इतके राफ्ट बांधले, त्या हातांना मी विचारू की तुम्ही विसरलात का? आणि नसतील विसरले तर? रविवारी त्यांच्यासमोर कशी उभी राहू? एक संदेश लिहिला, पुसला. दुसरा लिहिला, तोही पुसला. ती सर्वेक्षण बोट बंदरात बांधलेली आहे, शुक्रवारी सुट्टी आहे, असे स्वतःला सांगितले. ते खरे आहे की नाही, हेही मी कुणाला विचारले नाही.

सकाळी साडेसहाला फोन केला. खिडकीबाहेर आकाश पितळेसारखे होते.

“बोल गो बाय. आज जुम्मा. सुट्टीच्या दिवशी चाचाची आठवण?”

“चाचा, काल तुमच्या गळ्यात एकच फीत होती.”

“कधी आठवलं तुला?” चाचांनी विचारले.

“काल. संध्याकाळी.”

“वर्कशॉपला ये,” ते म्हणाले.

हुकांवर एकच पिन होती. तिच्यावर टगबोटीच्या राफ्टचा क्रमांक होता. चाचांनी जमीन पाहिली, कचऱ्याचा डबा उपडा केला, कालच्या डगल्याचे खिसे उलटे केले. मग ते उपड्या बादलीवर बसले आणि त्यांनी सर्वेक्षण बोटीच्या सारंगाला, म्हणजे तिच्या कप्तानाला, फोन लावला. सारंग कच्छमधल्या मांडवीचा जुसबभाई, चाचांचा जुना दोस्त. आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. मागे इंजिन धडधडत होते. बोट पहाटेच निघाली होती.

“जुसब, तुम्हारा राफ्ट शायद नहीं खुलेगा.”

सारंग हसला. “चाचा, सुबह-सुबह रोज़ा लग गया क्या?”

“पिन अंदर रह गया होगा. मेरे हाथ से.”

हसणे थांबले. “शायद, कि पक्का?”

“भरोसा मत रखना. वापस आ जाओ. मौसम भी ठीक नहीं.”

“ढाई घंटा लगेगा,” तो म्हणाला. मग इंजिनाच्या आवाजातून त्याने आपल्या माणसांना काहीतरी ओरडून सांगितलेले ऐकू आले, आणि फोन बंद झाला. वायरलेसवरून तो आपल्या कंपनीला कळवणार होता. आम्हाला करण्यासारखे काही उरले नाही.

आम्ही बंदरावर गेलो. नवाच्या सुमारास वायव्येकडून भिंत आली. ती किती उंच होती ते मला सांगता येणार नाही, कारण तिच्या वर आकाश उरले नव्हते. आधी शहराचे मनोरे गेले, मग धक्क्याचे टोक, मग शेजारी उभ्या असलेल्या चाचांचा चेहरा. समुद्राचा फक्त आवाज राहिला. जुसबभाईचा फोन लागत नव्हता. माझा घसा धुळीने भरला होता. पर्समध्ये पाण्याची बाटली होती, पण उपाशी माणसासमोर ती काढवेना. चाचा ओढणीसारखा रुमाल तोंडावर धरून पाण्याकडे पाहत होते, जिथे पाहण्यासारखे काहीच नव्हते.

मी पुस्तिकेत लिहिले होते की बचावलाँचांवरच्या माणसांच्या वाट्याला बहुतेक वेळ वाट पाहणेच येई. इंजिन गरम ठेवायचे, पत्ते खेळायचे, टेलिफोनकडे कान ठेवायचे. आणि फोन आल्यावर तासन् तास समुद्र पिंजून अनेकदा फक्त हिरव्या रंगाचा एक पसरत गेलेला डाग हाती लागे. हे वाक्य मी नीट घासूनपुसून लिहिले होते. धक्क्यावर उभी असताना त्यातले एकही अक्षर मला उपयोगी पडले नाही. सहा माणसे लाटांत पिंप ढकलत आहेत, दोरी ओढत आहेत, पुन्हा ओढत आहेत, एवढेच मला दिसत होते. त्यांच्या ओढण्याला उत्तर न देणाऱ्या त्या पिंपावर माझी सही होती. बोट काल संध्याकाळी याच धक्क्याला बांधलेली होती. एक फोन, आणि तो राफ्ट चालत जाऊन उतरवून आणता आला असता.

चाचा आता रत्नागिरीला परत गेले आहेत. महिन्यातून एकदा मी फोन करते. राफ्ट किती झाले, कुणाचे झाले, हे ते विचारत नाहीत. “शंका आली होती का? मग किती वेळाने फोन केलास?” एवढेच विचारतात. वर्कशॉपमधली चालही आता बदलली आहे. एका वेळी एकच राफ्ट उघडतो, आणि पिन निघाली की फीत पॅकरच्या गळ्यात राहत नाही. ज्याची सही, त्याच्या गळ्यात जाते.

त्या दिवशी आधी आवाज आला. धुळीत एक धडधड, कुठल्या बाजूने ते कळेना. चाचांनी रुमाल खाली घेतला. मग धक्क्याच्या अगदी जवळ, तपकिरी अंधारातून, बोटीचे नाक बाहेर आले. मी डोकी मोजली. पुन्हा मोजली. सहा होती. चाचांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते खाली वाकून दोरखंड पकडायला गेले.

जुसबभाई पिंपाबरोबर स्वतः वर्कशॉपला आला. त्याच्या पापण्यांवर धूळ बसली होती. मागच्या अंगणात आम्ही पिंप ठेवले. वारा आता पडला होता आणि पिठासारखी धूळ सावकाश खाली येत होती. मला वाटले, आता चाचा पट्ट्या कापून झाकण उघडतील आणि आत पाहतील. त्यांनी दोरीचे टोक माझ्या हातात दिले.

“ओढ.”

“मी?”

“सही तुझी आहे. समुद्र ओढतो तशी ओढ. हळू नाय.”

मी ओढू लागले. पिंपाच्या भोकातून दोरी निघत राहिली, हातामागून हात, पायाशी वेटोळी पडत राहिली. ती इतकी लांब असते हे मी तक्त्यात कितीदा लिहिले होते. मग ती ताठ झाली. मी सगळे अंग मागे टाकून हिसका दिला.

काहीच झाले नाही.

दूर कुठेतरी एका गाडीचा भोंगा वाजत होता. “फिर से खींचो,” जुसबभाई हळूच म्हणाला. मी पुन्हा हिसका दिला, मग पुन्हा. तळहात सोलले. पिंप इंचभर पुढे सरकले आणि तसेच पडून राहिले.

चाचा पुढे आले. त्यांनी पट्ट्या कापल्या, झाकण जरासे उचलले, घडीत कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपडत बाहेर काढला. पिनेला लाल फीत होती, पुडीने पांढरट झालेली. त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली.

“चूक माझी,” ते म्हणाले. “उशीर तुझा. दोन्ही लिही.” मग बाजूला झाले. “आता ओढ.”

या वेळी हिसक्याबरोबर असा फूत्कार झाला की मी दोन पावले मागे सरले. झाकण उडाले, काळे रबर पिळवटत बाहेर आले, कडा एकमेकींपासून सुटत गेल्या, कमान उभी राहिली, आणि क्षणात त्या मळकट अंगणात एक नारिंगी छपराची खोली तयार झाली. सिलिंडरवर पांढरे हिम धरले. छपरावर धूळ पडू लागली.

जुसबभाई तिच्याभोवती एक फेरी मारून आला. मग त्याने चपला काढून बाहेर ठेवल्या, पडदा बाजूला केला, आणि वाकून आत गेला. आम्हाला त्याचे पाय दिसत होते. तो तळाशी बसला, भिंतीला पाठ टेकवून, शेजारी आणखी पाच माणसांना जागा राहील एवढा सरकून.

बराच वेळ तो बाहेर आला नाही, आणि आम्हीही त्याला हाक मारली नाही.